दिवेलागणीपर्यंतचं मौन

माणसाला त्याची जीभ त्याच्याच हातात धरायला लावायची, हा माझा धंदा. वाशीमला माझा दवाखाना होता, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीपासून. ताप, हगवण, विंचू, बाळंतपण, काय येईल ते पाहायचो, कारण तालुक्याच्या गावात डॉक्टरनं निवडानिवड करून चालत नाही. पण मनातून मी गळ्याचा माणूस. नागपूरला शिकत असताना एका गुरूंच्या हाताखाली हे काम पाहिलं आणि तिथंच चिकटलो. दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, अनुभव लिहा. अनुभव पुष्कळ आहेत हो, पण ज्यांना ज्यांना मी जीभ धरायला लावली त्यांतल्या निम्म्यांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार, तेव्हा जरा बेतानं लिहितो.

आधी धंदा समजून घ्या. आपल्या कंठात दोन पांढऱ्या पट्ट्या असतात. श्वास घेताना त्या उघडतात, बोलताना एकमेकींना लागतात आणि थरथरतात. त्या थरथरीलाच आपण आवाज म्हणतो. दोघींच्या कडा नीट जुळल्या की आवाज स्वच्छ. एखादीच्या कडेवर ज्वारीच्या कणीएवढी गाठ आली की दार पुरतं लागत नाही, फटीतून वारा सुटतो आणि माणूस घोगरा होतो. ही गाठ साधी असते, जिवावरची नसते. फार ओरडणाऱ्याला, घसा ताणून बोलणाऱ्याला येते. वाईट गाठही असते, नाही असं नाही. तसा संशय आला की मी रोग्याला पुढं नागपूरला पाठवायचो. त्यांतले फार थोडे परत आले. त्यांच्याबद्दल आज लिहीत नाही, दिवाळीचे दिवस आहेत.

आता म्हणे रोग्याला झोपवतात, तोंडातून नळी घालतात आणि दुर्बिणीतून गाठ एवढी मोठी दिसते. चांगलं आहे. आमचा रोगी टक्क जागा, खुर्चीत बसलेला. त्याच्या कानाशी गॅसबत्ती, माझ्या कपाळावर भोकाचा आरसा, बत्तीचा उजेड त्यावरून त्याच्या घशात. त्यानं फडक्यात धरून जीभ बाहेर ओढायची, मी लांब दांड्याचा छोटा आरसा बत्तीवर शेकून आत घालायचा. शेकायचा अशासाठी की श्वासानं काच धुरकट होऊ नये. घशाला कोकेनचं पाणी लावून बधिर करायचं आणि दुसऱ्या हातानं वाकड्या मानेचा चिमटा खाली सोडायचा. गंमत अशी की आरशात पुढचं मागं दिसतं. हात पुढं न्यावा तर आरशात मागं जातो. याची सवय म्हणून मी तांब्याच्या चंबूत ज्वारीचे दाणे टाकायचो आणि आरशात बघून चिमट्यानं एकेक काढायचो. सुशीला, म्हणजे माझी पत्नी, दारात उभी राहून म्हणायची, "एवढ्या वेळात सूपभर ज्वारी निवडून झाली असती." हसा म्हणावं. पण त्या चंबूनं माझा हात घडवला, हे मी आजही छाती काढून सांगतो.

गाठ काढणं मात्र अर्धंच काम. खरी कसोटी पुढं. जखम भरेपर्यंत, निदान पंधरवडाभर, रोग्यानं तोंडातून आवाज काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजताना घसा उलट जास्त आवळतो. आणि आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला म्हणावं, बोलू नको!

रिसोडचा नामदेव मापारी हा माझा पहिला धडा. मापारी म्हणजे बाजारात धान्य मापून देणारा. मापता मापता तो आकडे मोठ्यानं गाऊन म्हणतो. पहिल्या मापाला एक न म्हणता "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन, असं ते गाणं चालतं. त्याच्या गाठीचं काम झकास झालं. पंधरवड्यानं आला तो पहिल्याहून घोगरा. आरसा घातला, तर कडा सुजलेली आणि त्याच जागी नवीन गाठ धरलेली.

"नामदेव, बोललास ना?"

"नाई बा. पोराची आन. एक सबद नाई बोललो. बायकोशीबी नाई."

"मग हे काय झालं?"

"आता हे काय सांगू? बाजाराच्या दिवशी फकस्त मोजलं."

"मोजलं? मोठ्यानं?"

"मग मनात मोजतेत काय डाक्टर? गिऱ्हाईक काय म्हनन? पन ते मोजनं झालं, बोलनं कुठी हाय?"

मी कपाळाला हात लावला. त्याचं त्याला शंभर टक्के पटलेलं होतं. दुसऱ्यांदा खुर्चीत बसायला तो काही तयार झाला नाही. पुढं मापाला त्याचा पुतण्या उभा राहू लागला. तो नामदेव मला अजून खुपतो.

त्यानंतर दसऱ्याच्या सुमाराला कौतिकाबाई आली. रिसोड रस्त्याला, गावाबाहेर, तिचा आणि तिच्या नवऱ्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पालक लावायचे आणि बाजारात विकायचे. नवरा पुंजाजी दम्याचा, चार पावलं चालला की भिंत धरायचा. त्यामुळं मोट हाकायची ती कौतिकाबाईनं आणि बाजारात ओरडायचं तेही कौतिकाबाईनं. वर्षभर तिचा आवाज बसलेला होता. हळद झाली, मध झाला, मंतरलेला दोरा झाला. ती खुर्चीत बसली आणि बोलायचं काम पुंजाजीनं केलं, मधे मधे दम खात.

"इहीर सामायिक हाय, डाक्टरसाहेब. एक दिवस आमची पाळी, एक दिवस चुलतभावाची. आमच्या पाळीले मोट चाललीच नाई तं त्यो थोडाच थांबते? आमचा दिवस तसाच जाते. वांगे सुकून राह्यले."

"मग गडी लावा मोटेवर."

"गडी काय करन? आमचा चांद्या आयकतच नाई ना."

चांद्या हा त्यांचा डावीकडचा बैल. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल उतारावरून खाली जातात तेव्हा चामड्याची मोट भरून वर येते आणि पाणी पाटात पडतं. मग त्याच उतारावरून बैलांनी पाठमोरं मागं सरकत वर यायचं. खाली जाणं सोपं, मागं सरकणं कोणत्या बैलाला आवडतं? म्हणून हाकणारा गाणं म्हणतो आणि त्या गाण्यावर बैल पाय मागं टाकतात. चांद्याला कौतिकाबाईनं वासरापासून वाढवलेलं. तिचं गाणं ऐकलं तरच तो मागं सरकायचा.

"म्या हाकलला तं उभा राह्यते," पुंजाजी म्हणाला, "अन् मारला तं बसते."

"दुसरा बैल घ्या मग," मी म्हणालो. मीही मूर्खच.

त्यावर कौतिकाबाई पहिल्यांदा बोलली. फाटक्या भात्यातून वारा यावा तसा आवाज होता. "डाक्टर, मानसाशी बोलता नाई आलं तं चालन मले. बैलाशी बोलता आलं पायजे."

आरशात गाठ स्वच्छ दिसली. उजव्या पट्टीच्या कडेवर, एकटीच, गुळगुळीत, साधी. मी तसं सांगितल्यावर पुंजाजीनं आधी विचारलं ते हे, की यात जीव जात नाही ना. नाही म्हटल्यावर तो मटकन खाली बसला आणि डोळे पुसू लागला. वर्षभर नवराबायको दोघंही तीच एक भीती पोटात घेऊन बसले होते आणि एकमेकांना बोलले नव्हते.

आमच्या कामात आधी रोग्याची तालीम घ्यावी लागते. घशात काही गेलं की उलटी येते; ती येऊ नये म्हणून रोज थोडं थोडं आत घालून सवय लावायची. मोठमोठे पैलवान इथं हात टेकतात. कौतिकाबाईला मी समजावू लागलो तर तिनंच मला थांबवलं. "समजलं. गोऱ्ह्याले जुवाखाली घालतात तसं. पयल्या दिवशी नुसतं जू दाखवाचं." अगदी तसंच! चौथ्या खेपेला ती अगदी स्थिर बसली. जीभ धरली होती तिनं, काय पकड ती! कोकेन लावल्यावर मात्र घाबरली, डोळे मोठे करून गळा चाचपू लागली, कारण बधिर झालेला गळा जागेवर आहे हे कळतच नाही. सुशीलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी चिमटा खाली सोडला, आरशात मागं दिसणारं पुढं धरलं, एक हलका झटका, आणि गाठ बाहेर. सगळं मिळून एक विडा लावून होईल एवढा वेळ.

कापसावर ती कणी पाहून पुंजाजी म्हणाला, "एवढीशी? अन् हिच्यापायी माह्या बायकोचं वर्षभर तोंड बंद?" कौतिकाबाई काही बोलणार तोच मी ओरडलो, "खबरदार!"

आता पंधरवड्याचं मौन. माझ्या डोळ्यांपुढं नामदेव मापारी उभा. सुशीला म्हणाली, "तुमच्या सांगण्यानं काही होणार नाही. चातुर्मास अजून संपला नाही. तिला मौनाचं व्रत घेऊ द्या. देवाला कबूल केलेलं बाई मोडत नाही." सुशीला आमच्या शेजारच्या मालेगावची; इकडच्या बायकांचं जे मन मला नागपूरला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिला माहेरीच कळलेलं. चातुर्मासात आमच्याकडच्या बाया मौन धरतात आणि शेवटी उद्यापनाला देवळात घंटा देतात. मी जरा कुरकुर केली. दवाखान्यात व्रतवैकल्यं कशाला, वगैरे. पण कौतिकाबाईनं लगेच हात जोडून मान हलवली. तिचा चेहरा असा उजळला की माझी कुरकुर तिथंच संपली.

बाई व्रताची पक्की निघाली. पुंजाजीनं उद्यापनाची पितळी घंटा बाजारातून आधीच आणून ठेवली आणि कौतिकाबाईनं त्या घंटेचा उपयोग केला बघा! गाणं म्हणता येत नाही म्हणून ती मोटेवर बसून घंटा वाजवू लागली. चांद्या पहिल्या दिवशी रुसला, मग घंटेवर मागं सरकू लागला. वांग्यांना पाणी मिळू लागलं. पुंजाजी येऊन सांगायचा, "एक सबद नाई डाक्टर, दिवसभर मुकी हाय," आणि मी सुशीलापुढं तिच्या अकलेची तारीफ करायचो. मी इतका खूश कधी नव्हतो.

दिवाळी तोंडावर आली होती. एका संध्याकाळी रिसोड रस्त्यानं रोगी पाहून सायकलवर परत येत होतो. दिवे नुकतेच लागले होते. कौतिकाबाईच्या झोपडीजवळ आलो आणि ऐकतो तर काय, आतून बाईचं बोलणं धो धो वाहतंय! शेजारीण काय म्हणाली, वांगी किती निघाली, चुलत जावेनं पाट कसा फोडला, दिवसभराचं साठलेलं सगळं एकदम. मी सायकल तशीच आडवी टाकली आणि आत घुसलो.

"कौतिकाबाई!"

"या ना डाक्टर, या, बसा," ती हसत म्हणाली. घोगरं, पण काय उत्साह! "चहा ठेवतो."

"अहो, मौन! तुमचं मौन कुठं गेलं?"

"हाय ना बाप्पा. दिवसभर एक अक्षर नाई काढलं तोंडातून. आता दिवा लागला ना."

मला काही कळेना. मग पुंजाजीनं समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. मौन म्हणजे सकाळच्या अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत. दिवा लागला की देवाला हात जोडायचे आणि बोलायचं. त्याच्या आईनं असंच धरलं होतं, आजीनंही. रात्रीसुद्धा न बोलायचं मौन कोणी ऐकलंय?

असा संताप आला मला! कोणावर करायचा? त्या बाईनं कबूल केलेलं तंतोतंत पाळलं होतं. मी वाट्टेल ते बोललो, सायकल उचलली आणि घरी येऊन सुशीलाला म्हणालो, "तुझ्या व्रतानं घात केला." सुशीला आधी हसली, मग तिचे डोळे भरले. तिलाही मौन म्हणजे दिवेलागणीपर्यंत, हे लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी दवाखान्यात ते तिला आठवलं नव्हतं, एवढंच.

सकाळी कौतिकाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलेली. रात्रभर रडलेली असावी. आरसा शेकला, आत घातला. कड लाल होती, सुजलेली होती. पण गाठ धरली नव्हती. मी दोनदा, तीनदा पाहिलं. "अजून हातात आहे," मी म्हणालो. "पण आता एक शब्द गेला तर पुन्हा मला काही करता येईल असं सांगत नाही."

सुशीला उठली, तिचा हात धरून देवळात घेऊन गेली आणि नवं व्रत तिथं देवापुढं उभं राहून स्वतःच मोठ्यानं सांगितलं. अखंड मौन. दिवसा नाही, रात्री नाही, दिवा लागो न लागो, झोपेत नाही, सणाला नाही, कार्तिकी एकादशीपर्यंत. झोप या शब्दावर कौतिकाबाईनं जरा विचार केला आणि मग मान हलवली. त्या रात्रीपासून झोपताना ती तोंडावर पदर बांधायची, असं पुंजाजी सांगायचा.

दिवाळी तिनं मुक्यानं काढली. भाऊबीजेला भाऊ आला. बहीण ओवाळते पण बोलत नाही, हे पाहून त्याला वाटलं, घरात मोठं भांडण झालंय. त्यानं पुंजाजीला अंगणात नेऊन दम दिला, "दाजी, माह्या बयनीले काय केलं तुमी? खरं सांगा." पुंजाजी दम्यानं बोलेना, कौतिकाबाई व्रतानं बोलेना. शेवटी ती रागारागानं घंटा वाजवत दोघांच्या मधे उभी राहिली. हे मला पुंजाजीनं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो आणि मनातून तितकाच घाबरलो, कारण अशा वेळी एखादी शिवी सुटायला किती वेळ लागतो? पण नाही सुटली.

एकादशीला सुशीला आणि मी मळ्यात गेलो. कौतिकाबाईला उन्हात खाटेवर बसवून मी आरसा घातला. एकदा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन्ही कडा पांढऱ्या, सरळ, एकमेकींना लागलेल्या. मधे फट नाही. "बोला," मी म्हणालो.

ती उठली, मोटेवर गेली, सोलावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसली. बैल उतारावरून खाली गेले, मोट वर आली, पाणी धबाधबा पाटात पडलं. आता मागं सरकायची वेळ. पुंजाजी काठावर उभा, सुशीला माझ्या शेजारी. कौतिकाबाईनं गाणं सुरू केलं. हलकं, जपून, पण स्वच्छ.

चांद्या जागचा हलला नाही.

तिनं पुन्हा तीच ओळ म्हटली. चांद्यानं मान वळवली, कान हलवले आणि उभाच. बेट्याला आता घंटेची सवय झालेली! त्याला गाणं नको होतं, घंटा हवी होती. कौतिकाबाईचा चेहरा पडला. पुंजाजी हळूच घंटेकडं वळला. तेवढ्यात ती सोलावरून उठून उभी राहिली आणि कडाडली, "अरे मुडद्या! माहा आवाज इसरला काय रे? सरक मांगं!"

विहिरीत घुमला तो आवाज. वांग्यांवरून, सांबारावरून थेट रस्त्यापर्यंत गेला. रस्त्यानं जाणारा एक गाडीवान थांबून बघू लागला. आणि चांद्या? एक पाय मागं, दुसरा पाय मागं, सरळ माथ्यापर्यंत पाठमोरा आला आणि अपराध्यासारखा उभा राहिला. कौतिकाबाई त्याच्या गळ्यात पडून रडली. सुशीला रडली. पुंजाजी हसता हसता खोकून बेजार झाला. गळ्याचा डॉक्टर म्हणून मी तिथल्या तिथं रागवायला हवं होतं, कारण पहिले काही दिवस ओरडायची सक्त मनाई असते. मी म्हणालो, "अजून एकदा म्हणा."

दुसऱ्या दिवशी ती घंटा घेऊन दवाखान्यात आली. मला वाटलं, देवळात जाता जाता दाखवायला आणली. "देवळात लय घंटा हायत," ती म्हणाली. "देवाले इचारून आली. तुमच्याकडं बिनआवाजाचे लोक येतात, त्याइले द्या. घरी कोणाले हाक माराची तं वाजवतीन." त्यानंतर गळ्याचं काम झालेला प्रत्येक रोगी ती घंटा घरी घेऊन जायचा आणि मौन संपलं की परत आणून द्यायचा. मालेगावला गेली, शिरपूरला गेली, रिसोडला तर किती वेळा गेली. एकदाही हरवली नाही. नामदेव मापाऱ्याच्या वेळी ती माझ्यापाशी असती तर, असं मला पुष्कळदा वाटतं.

कौतिकाबाईला मी एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली होती. बाजारात ओरडायचं नाही, ओरडलात की गाठ पुन्हा येईल. मोटेवर म्हणता तसं गाऊन विका. तिनं ते ऐकलं. आठवडी बाजार माझ्या दवाखान्याच्या मागंच भरायचा. खुर्चीत एखादा नवा रोगी बसलेला असे, जीभ हातात, घाम फुटलेला, डोळ्यांत तीच जुनी भीती. आणि मागच्या खिडकीतून सूर यायचा, "वांगे घ्या, काटेरी वांगेऽ, मळ्यातले ताजेऽ..." मी शेकलेला आरसा तसाच हातात धरून थांबायचो.

"ऐका," मी म्हणायचो. "ही बाई याच खुर्चीत बसली होती."

रोग्याला उत्तर देता यायचं नाही, जीभ त्याच्याच मुठीत असायची. तो नुसता ऐकायचा. मग माझ्या सांगण्याची वाट न पाहता आपली जीभ आपणच आणखी थोडी बाहेर ओढायचा.